तासाला दोन मिली दूध

पत्र

ताई, नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझं वय ६१. माझी नात, घरात आम्ही तिला चिऊ म्हणतो, जन्मली तेव्हा पावणेतीन किलोची होती. चांगली रडली, दूध ओढलं. पाचवी पुजायच्या दिवशी सकाळी तिला हिरवीगार उलटी झाली. दुपारपर्यंत पोट फुगलं. तालुक्याहून जिल्ह्याला नेलं, तिथून पुण्याला. आतड्याला पीळ पडला होता म्हणाले. दोन ऑपरेशनं झाली. काळं पडलेलं आतडं काढून टाकलं आणि उरलेलं जोडलं. लहान आतडं ४२ सेंटिमीटर उरलंय, मोठं आतडं आणि दोघांमधली झडप वाचली, असं मुलाने डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणलंय.

आता दोन महिने होतील. सून तिथेच राहते, दर तीन तासांनी दूध काढते. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर निघतं. आणि बाळाला देतात किती? मशीनवर लावून तासाला दोन मिली! चमचाभरही नाही. बाकी सगळं शिरेतून, पिशवीतून. एवढ्याशा दुधावर लेकरू कसं जगायचं? हल्ली डोळे पिवळे दिसतात. त्या पिशवीनेच लिव्हर खराब होतं, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं. मी चार मुलं वाढवली, चारही गुटीवर. थोडी गुटी, मधाचं बोट, नाचणीचं सत्त्व सुरू केलं तर अंगी लागेल असं मला वाटतं, पण सून ऐकत नाही. खर्चाने मुलगा खचलाय. आमचे एक भाऊबंद म्हणाले, पोरगीच आहे, घरी घेऊन या, देव करील ते खरं. मुलगा गप्प बसला, ते मला फार लागलं. ताई, आतडं परत वाढतं का? चिऊला घरी आणावं का?

चिऊची आजी

उत्तर

आजी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला वेळ लावून चालणार नाही. चिऊला आत्ता घरी आणू नका. शिरेतून जाणारी ती पिशवी आज तिचं जेवण आहे आणि पाणीही तीच आहे. ती थांबली तर तासाला दोन मिली दुधावर चिऊ काही दिवससुद्धा तग धरणार नाही. ‘घरी न्या’ म्हणणाऱ्या माणसाला हे कदाचित ठाऊक नसेल. मुलाला मात्र ते स्पष्ट शब्दांत सांगा.

आणि ‘पोरगीच आहे’ हे वाक्य पुन्हा कुणी तुमच्या उंबऱ्यात उच्चारलं, तर मुलाने गप्प बसू नये आणि तुम्हीही बसू नका. दोन ऑपरेशनं सोसून दोन महिने तगलेलं लेकरू आहे ते. तुम्हाला ते बोलणं लागलं म्हणून तुम्ही मला लिहिलंत, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसतंय.

बावीस वर्षं मी नवजात बाळांच्या विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. चिऊसारखी बाळं माझ्या हाताखालून गेली आहेत. काही आज शाळेत जातात. काही हातची गेली, हेही लपवत नाही. चिऊला मी पाहिलेलं नाही, तेव्हा तिच्या औषधांचा निर्णय तिच्या डॉक्टरांचाच. पण ते जे करताहेत त्याचा अर्थ तुम्हाला समजला, तर सुनेच्या पाठीशी तुम्ही उभ्या राहाल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या ४२ सेंटिमीटरचं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण दोन ते अडीच मीटर असतं. म्हणजे चिऊकडे पाचवा-सहावा हिस्सा राहिला. अन्न पचवून रक्तात ओढून घेण्याचं बहुतेक काम हेच आतडं करतं. ते इतकं तोकडं झालं की दूध भरभर पुढे सरकतं आणि अंगी लागण्याआधीच बाहेर पडतं. याला डॉक्टर ‘शॉर्ट बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. काही बाळांना ते आतड्याला सूज येऊन ते सडल्यामुळे होतं, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना. काहींचं आतडं जन्मतःच मध्येच बंद असतं, तर काहींचं पोटाबाहेर आलेलं असतं. चिऊच्या बाबतीत गर्भात असताना आतडं जसं फिरून पोटाच्या मागच्या भिंतीला पसरट चिकटायला हवं होतं, तसं चिकटलं नाही. ते अरुंद देठावर लोंबत राहिलं आणि एक दिवस पीळ बसला. देठातूनच रक्त येतं. पीळ बसला की रक्त तुटतं, आणि मग खेळ तासांचा असतो.

हे सुनेच्या खाण्यापिण्यामुळे झालेलं नाही, ग्रहणामुळे नाही, पाचवीच्या गडबडीत कुणाची नजर लागली म्हणूनही नाही. सकाळची दुपार झाली याची खंत तुम्ही करत असाल. करू नका. हिरवी उलटी म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक घराला इथेच सांगून ठेवते. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तर ते पित्त झालंय, दूध बाधलंय, असं म्हणत बसायचं नाही. त्याच क्षणी निघायचं, आणि जिथे लहान मुलांचे सर्जन आहेत अशाच ठिकाणी जायचं.

चिऊच्या बाजूने दोन गोष्टी आहेत आणि त्या मोठ्या आहेत. झडप वाचली, आणि मोठं आतडं पूर्ण आहे. झडप लहान आतड्यातलं दूध धरून ठेवते आणि मोठ्या आतड्यातले जंतू वर चढू देत नाही. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत ओढून घेतं. सेंटिमीटर सारखेच असले, तरी या दोन गोष्टी असलेलं आणि नसलेलं बाळ यांच्यात जमीनअस्मानाचं अंतर पडतं. मुलाच्या त्या कागदावर आणखी एक ओळ लिहून घ्या: उरलेल्या ४२ पैकी शेवटचा, म्हणजे झडपेला लागून असलेला भाग किती? तो भाग नव्या कामाला अधिक चांगला सरावतो. बी-१२ जीवनसत्त्वही तिथेच शोषलं जातं, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं डॉक्टर त्याची तपासणी करत राहतील.

आता दोन मिलींकडे येते, कारण तुमच्या मनातला खरा सल तोच आहे.

तुम्ही त्या दुधाकडे जेवण म्हणून बघताय, म्हणून ते चमचाभरही वाटत नाही. ते जेवण नाहीच. शिरेतून जातं ते चिऊला पोसतं. नाकातल्या नळीतून जातं ते आतड्याला पोसतं. उपाशी ठेवलेलं आतडं वाळतं, पातळ होतं. त्याच्या आतल्या अंगाला मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजतात. त्यांच्यावरून दूध गेलं, थोडंसं का होईना, की ते उंच होतात, दाट होतात. आतडं रुंदावतं, अन्न हळू पुढे ढकलायला शिकतं. उरलेल्या वितीभर जागेत जास्त शोषण व्हायला लागतं. हे सगळं दुधाच्या स्पर्शाशिवाय होत नाही. पिशवी कितीही भारी असली तरी हे काम तिला जमत नाही. सुनेचं दूध त्यासाठी सर्वांत उत्तम, कारण त्यात आतड्याच्या पेशी वाढवणारे आणि जंतूंना अडवणारे घटक असतात आणि डब्यातल्या दुधात ते नसतात.

हिशोबच करून बघा. तासाला दोन म्हणजे दिवसाला ४८ मिली. चिऊ आता तीन-सव्वातीन किलोची असेल, तर किलोमागे पंधरा मिली झाले. बहुतेक ठिकाणी इथूनच सुरुवात होते. मग दर काही दिवसांनी थोडं वाढवायचं, आणि शी वाढली तर थांबायचं किंवा एक पाऊल मागे यायचं. मशीनवर संथ देण्याचंही कारण आहे. एकदम वीस मिली ओतलं तर आखूड आतड्यातून ते धावत सुटतं. थेंबाथेंबाने गेलं तर प्रत्येक थेंबाला भिंतीशी टेकायला वेळ मिळतो.

इथे एक बारीकशी गोष्ट सुनेला बघायला सांगा. मशीनमध्ये सिरिंज आडवी पडून राहिली की तासाभरात दुधाची साय वर येते आणि सिरिंजच्या कडेला, नळीला चिकटून बसते. सगळं दूध संपतं आणि नेमकी ताकद सिरिंजमध्ये राहते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एका आईनेच ते मला दाखवलं होतं. सिरिंज उजेडाकडे धरून म्हणाली, ‘मॅडम, लोणी तर इथेच राहिलं.’ तेव्हापासून आम्ही सिरिंज तोंड वर करून तिरकी लावतो, नळी शक्य तितकी आखूड घेतो आणि दूध अधूनमधून हलवतो. चिऊच्या सिस्टरांना विचारायला संकोच करू नका. असं विचारलं की कुणाला राग येत नाही.

बाकीचं दूध फेकायचं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते पत्रात दिसतंय. फेकायचं मुळीच नाही. स्वच्छ डब्यात नाव, तारीख, वेळ घालून ते डीप फ्रीझरमध्ये ठेवलं तर काही महिने टिकतं, आणि चिऊची मात्रा वाढेल तेव्हा तेच लागेल. तरीही जास्त होत असेल तर मातृदुग्ध पेढीला देता येतं. अशी पेढी आशिया खंडात पहिल्यांदा आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली, १९८९ साली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. आज इतर मोठ्या रुग्णालयांतही त्या आहेत. दूध चाचणी करून, पाश्चराइझ करून ज्या बाळाच्या आईला दूध नाही त्याला मिळतं. सुनेने मात्र काढणं सोडू नये, रात्रीचंही. रात्री काढलं नाही की आठ-पंधरा दिवसांत दूध आटायला लागतं, आणि चिऊला खरी गरज तर पुढच्या महिन्यांत आहे.

आता पिशवी आणि पिवळे डोळे. शेजारच्या बाईंनी सांगितलं त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

त्या पिशवीला टीपीएन म्हणतात. त्यात साखर, प्रथिनांचे सुटे घटक, क्षार, जीवनसत्त्वं, जस्तासारखी खनिजं असतात. शेजारी दुधासारखी पांढरी बाटली दिसते, ते तेल. हे सलाइन नव्हे. सलाइनवर बाळ वाढत नाही, यावर वाढतं. तुमच्या लहानपणापर्यंत चिऊसारख्या बाळाला वाचवायचा मार्गच नव्हता; अशी बाळं उपाशीपोटीच जात. स्टॅन्ली डडरिक नावाच्या अमेरिकन सर्जनने फिलाडेल्फियात आधी कुत्र्याच्या पिल्लांना फक्त शिरेतून पोसून वाढवून दाखवलं, आणि १९६७ साली तिथल्याच लहान मुलांच्या रुग्णालयात एका नवजात मुलीला. तिचं लहान आतडं जवळजवळ नव्हतंच. ती मुलगी पुढे वाचली नाही, पण शिरेतल्या अन्नावर तिचं वजन वाढलं, डोक्याचा घेर वाढला. त्याआधी असं होऊ शकतं यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. तीही पोरगीच होती, आजी. तिच्यामुळे आज चिऊच्या खाटेला ती पिशवी टांगलेली आहे.

पण अन्न आतड्यातून न जाता थेट रक्तात गेलं की यकृतावर ताण येतो, हे खरं. पित्त साकळतं आणि डोळे पिवळे होतात. पोटात दूध कमी असणं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणं आणि शिरेतल्या तेलाची मात्रा व जात, ही त्यामागची मोठी कारणं. म्हणून पिशवी काढा असा हट्ट धरायचा नाही, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारायचे. डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे रक्तात साकळलेला पित्ताचा पिवळा रंग, किती आहे आणि मागच्या आठवड्यापेक्षा वाढलं की उतरलं? तेल कुठलं वापरताय, नुसतं सोयाबीनचं की मासळीचं तेल असलेलं? मात्रा कमी करता येईल का? पिशवी चोवीस तासांऐवजी काही तासांची विश्रांती देऊन चालवण्याइतकी चिऊ मोठी झाली का? मासळीच्या तेलाचं शिरेतलं औषध लहान मुलांच्या याच त्रासासाठी अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. सोयाबीन, ऑलिव्ह, नारळासारख्या तेलांतला हलका भाग आणि मासळी यांचं मिश्र तेल आपल्याकडेही मिळतं. योग्य वेळी पाऊल उचललं तर पुष्कळ बाळांचा पिवळेपणा उतरतो. त्यासाठी पोटातलं दूध वाढत जाणं हाच सगळ्यांत खरा उपाय. बघा, पुन्हा त्या दोन मिलींपाशीच आलो. शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी फिकट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

पिशवीचा यकृताहूनही जवळचा धोका म्हणजे शिरेतली नळी. ती मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोचलेली असते. तिच्यातून जंतू गेला की सरळ रक्तात. म्हणून सिस्टर नळीचं तोंड घासून घासून पुसतात, आणि म्हणून तुम्हाला दारात हात धुवायला लावतात. बांगड्या, अंगठी काढून, कोपरापर्यंत धुवा. चिऊला ताप आला, १००.४ फॅरनहाइटच्या वर, किंवा ती मलूल झाली, तर थंडी बाधली म्हणून अर्धा तासही थांबायचं नाही. हा नियम पुढे ती नळीसकट कधी घरी आली, तरी तसाच राहील.

गुटीचं बोलू. तुमच्या हाताने सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे, मुरडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धा, हे तुम्ही चार मुलांना मायेने केलंत, आणि मी स्वतः आईच्या हातची गुटी चाटून मोठी झाले. पण चिऊला नको. गुटीतला हिरडा पोट साफ करायला घालतात, आणि चिऊचं पोट तर आधीच फार भरभर साफ होतंय. सहाण कितीही धुतली तरी निर्जंतुक होत नाही, आणि चिऊच्या आतड्याची भिंत आज इतकी कमजोर आहे की साधा जंतूही तिच्या रक्तात उतरू शकतो. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला देऊ नये, धडधाकट बाळालाही नाही. त्यात कधीकधी असे जंतू असतात की त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. साखरेचं पाणी, ग्लुकोजचं पाणी, फळाचा रस यांचंही तेच. गोड पाणी आखूड आतड्यात गेलं की अंगातलं पाणी तिकडे ओढून घेतं आणि शी धो धो होते. नाचणीचं सत्त्व चांगलंच, पण दोन महिन्यांच्या बाळाला नाही.

चमच्याने खाण्याची वेळ येईल, साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, डॉक्टर सांगतील तेव्हा. तेव्हा तुमचा हात लागेलच. मऊ गुरगुट्या भात, घोटलेली फरसबी, पुढे उकडलेल्या अंड्याचा बलक, खात असाल तर चिकन अगदी मऊ शिजवून वाटलेलं, असं कमी गोडाचं खाणं या मुलांना मानवतं. एका वेळी एकच नवा पदार्थ, एक चमचा, आणि दोन-तीन दिवस शी कशी होते ते पाहायचं.

तोवर तोंडाचं काय? हा मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. महिनोन्महिने नळीने दूध मिळालेली बाळं तोंडाने खायचं विसरतात. चमचा ओठांशी नेला तरी ओकारी येते. आतडं तयार होतं आणि तोंड तयार नसतं. मग एकेक घास शिकवण्यात वर्षं जातात. म्हणून आत्तापासून, डॉक्टरांच्या परवानगीने, चिऊच्या ओठांना आईच्या दुधाचा थेंब लागला पाहिजे. सुनेने दूध काढून घेतल्यावर मोकळ्या छातीशी तिला लावावं. पोटात जवळजवळ काही जात नाही, पण चोखणं शाबूत राहतं आणि सुनेचं दूधही टिकतं. छातीवर कातडीला कातडी लावून धरायची कांगारू पद्धत सुनेइतकीच तुम्हालाही करता येते. सिस्टर नळ्या सांभाळून बाळ तुमच्या छातीवर ठेवतील. तासभर पदराखाली धरा. तुमच्या चार मुलांच्या अनुभवाची चिऊला इथे गरज आहे.

आणखी एक काम तिथे असाल तेव्हा तुम्ही आणि एरवी सुनेने घ्यावं असं मला वाटतं: वही. कोरी लंगोट वजनकाट्यावर ठेवून आकडा टिपायचा, ओली झाली की पुन्हा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली. लघवी वेगळी कळावी म्हणून आत कापसाचा बोळा ठेवतात, तसं सिस्टर दाखवतील. त्याच बोळ्यातल्या लघवीतून मीठ किती जातंय ते तपासता येतं. रक्तातलं मीठ ठीक दिसत असूनही लघवीतलं फार कमी झालं, तर समजायचं की शरीर मीठ राखून ठेवतंय, त्याला कमी पडतंय. अशा बाळाला कितीही दूध दिलं तरी वजन जागचं हलत नाही, आणि मीठ भरून काढलं की चार दिवसांत काटा सरकतो. हे मी किती वेळा पाहिलंय! दिवसाची शी किलोमागे ३० ते ४० मिलींच्या पुढे जायला लागली की बहुतेक डॉक्टर दूध वाढवणं थांबवतात. वहीत आकडे असले की ‘आज जरा जास्त झाली वाटतं’ असं मोघम बोलावं लागत नाही. रोज सकाळी त्याच वेळी वजन, आठवड्याला लांबी आणि डोक्याचा घेरही लिहा.

आतडं परत वाढतं का, हा तुमचा प्रश्न. कापलेलं परत उगवत नाही. पण चिऊचं वय तिच्या बाजूने आहे. बाळाचं आतडं पहिली काही वर्षं बाळाबरोबर लांब होत जातं, मोठ्या माणसात सहा मीटरच्या आसपास पोचतं. उरलेले ४२ सेंटिमीटरही वाढतील, रुंदावतील, दाट होतील. सर्वांत जास्त बदल पहिल्या एक-दोन वर्षांत होतो, आणि त्यानंतरही चालू राहतो. झडप आणि मोठं आतडं असलेली, एवढ्या लांबीची पुष्कळ बाळं हळूहळू पिशवीवरून उतरतात. ‘हळूहळू’ म्हणजे महिने, कधी दोन-तीन वर्षं. एखाद्या आठवड्यात तीन मिली झालेलं पुन्हा दोनवर येईल. त्या दिवशी सुनेला फोन करून ‘कमी का केलं?’ असं विचारू नका, एवढी माझी विनंती.

इतकं करूनही आतडं पुढे सरकेना तर पुढचे मार्ग आहेत. रुंदावलेलं आतडं नागमोडी टाके घालून लांब करण्याचं ऑपरेशन आहे, २००३ साली बोस्टनच्या सर्जनांनी मांडलेलं. आतड्याची लव वाढवणारं टेड्यूग्लुटाइड नावाचं रोजचं इंजेक्शन २०१९ पासून अमेरिकेत एक वर्षावरच्या मुलांना देतात, पण ते अतिशय महाग आहे. शेवटी आतड्याचं प्रत्यारोपण, तेही आपल्याकडे मोजक्या शहरांत होतं. चिऊच्या बाबतीत आज यातल्या कशाचीही चिंता करायची वेळ आलेली नाही.

चिंता पैशाची आहे, आणि ती खरी आहे. टीपीएन महाग असतं, आणि ते घरी देण्याची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे, त्यामुळे मुक्काम लांबतो. मुलाला सांगा, सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन शेत विकायच्या गोष्टी करण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट. सोबत रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, लेखी घ्या. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय कुणी आपणहून सांगेलच असं नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही भरा. आणि मुलाला एकदा जवळ बसवा. तो गप्प बसला तो पोरगी नकोशी आहे म्हणून नसेल. घाबरलेला बापही असाच गप्प बसतो.

तुम्ही पुण्याला जाल तेव्हा सुनेसाठी काय न्यायचं, तेही सांगते. डिंकाचे नाहीतर अळिवाचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, एक चांगला थर्मास. पहाटे तीनला ती दूध काढायला उठते तेव्हा कँटीन बंद असतं. एक रात्र तुम्ही तिच्याबरोबर राहा. ती दूध काढत असताना गरम दुधाचा नाहीतर पेजेचा पेला तिच्या हातात द्या, आणि काढलेल्या बाटलीवर तारीख-वेळ तुम्ही लिहा.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा पत्र टाका. वहीतलं चिऊचं रोजचं वजन, चोवीस तासांची शी, तासाला दूध किती आणि डायरेक्ट बिलिरुबिनचा आकडा, एवढं त्यात असू द्या.

तुमची,
ताई